दत्तोपंतांचा फोन आला होता

"सात वाजता टेकरी चढायची, आठला खाली येऊन पोहे-जिलबी, नऊ वाजता रोपवेनं खाली!" मयुरेशनं जाहीर केलं.

"आठला खाली आलास, तर नऊला परत खाली कसा येशील?" उर्वीनं विचारलं.

"प्लॅनमध्ये खुसपट काढू नकोस!"

"मला चालेल," चिऊ म्हणाली. "मी आठलाच थांबते. पोह्यांपाशी."

घड्याळात साडेनऊ झाले होते. सात वाजताचा हा प्लॅन गेले चार दिवस रोज साडेनऊलाच ठरत होता. देवासची टेकरी बिचारी जागच्या जागी उभी होती.

उर्वी धारची, तेरा वर्षांची. आईबाबा अमझेऱ्याच्या एका लग्नात गुंतले, म्हणून सुट्टीत तिची रवानगी देवासला, आजीकडे झाली होती. आजीला सगळे माई म्हणत. मयुरेश आणि चिऊ ही उर्वीची चुलत भावंडं देवासचीच, दोन गल्ल्या पलीकडची. पण सुट्टीभर मुक्काम माईकडेच. मयुरेश बारा वर्षांचा होता आणि हरवलेल्या मोज्यालाही 'केस' म्हणायचा. चिऊ दहाची. तिच्या शाळेत मराठी नव्हतं, म्हणून चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माईनं एक सौदा केला होता: मराठीचं एक पान वाचलं की एक जिलबी, हिंदी असेल तर अर्धी. परिणाम असा, की चिऊ दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटली होती.

तेवढ्यात बेल वाजली. माईनं दार उघडलं. बाहेरच्या माणसानं एक पाकीट दिलं. माईनं सही केली, पाकीट पदराखाली घेतलं आणि ती आतल्या खोलीकडे चालू लागली. सगळं इतकं सरावाचं होतं, की कुणाला काही वाटलंही नसतं. पण वाटेत चिऊ होती.

"दत्तोपंतजी," चिऊनं वाचलं. "अर्जंट. अर्धी जिलबी! माई, आजोबांचं पार्सल आलंय!"

माईनं पाकीट पदराखाली आणखी आत सरकवलं.

दत्तोपंत आजोबा नवरात्रात गेले. त्याला आता आठ महिने होत आले होते.

आजोबा गेले तेव्हा उर्वी रडली नव्हती. नातेवाईक म्हणाले, पोर फार शहाणी आहे. पोर शहाणी वगैरे काही नव्हती. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं तिला झालं होतं. इंजेक्शन उतरतं, असं सगळे म्हणतात. तिचं अजून उतरलं नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता आजोबांचा फोन यायचा: "बोला धारवाले, काय हालहवाल?" आता येत नव्हता. रविवारी सात वाजता ती होमवर्क करायची. होमवर्क वेळेवर होत होता.

"केस!" मयुरेश कुजबुजला. त्याची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत जायची.

"माई," उर्वीनं विचारलं, "आजोबांना अर्जंट काय लागतं?"

माई पलंगावर बसली. पाकीट मांडीवर होतं.

"पहिलं आलं ते फाल्गुनात," ती म्हणाली. "माणूस म्हणाला, दत्तोपंतजींच्या नंबरवरून फोन आला होता, त्यांनीच मागवलंय. मी घेतलं."

"पण माई, आजोबा तर..."

"मला माहीत आहे, चिऊ. मी होते तिथे."

"मग परत का नाही पाठवलंस?"

"त्यांच्या नावानं आलेलं परत कसं पाठवू?" माईचा आवाज पाढे म्हणताना असतो तसा सपाट होता. "विजेचं बिलसुद्धा आता माझ्या नावानं येतं. त्यांच्या नावानं एवढंच येत होतं."

तिनं कपाट उघडलं. आजोबांच्या शर्टांच्या कप्प्यात, घडीच्या शर्टांखाली, दोन गुंडाळ्या जरीची किनार होती. लाल कापड होतं, शिवणयंत्राच्या सुया होत्या, तेलाची बाटली होती. आणि औषधांच्या दुकानाचं आजच्यासारखंच एक पाकीट होतं. न फोडलेलं.

"आजोबा शिवणकाम करायला लागले?" चिऊनं विचारलं.

"अगं, गेलेत ते!" मयुरेश म्हणाला.

"म्हणजे तिकडे."

उर्वीनं आजचं पाकीट फोडलं. आत गोळ्या होत्या. माईनं चष्मा लावून नाव वाचलं. मग चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं.

"माझ्या वर्गात तरुण नावाचा मुलगा होता," ती सावकाश म्हणाली. "त्याला फिट यायच्या. हीच गोळी होती त्याची. एक दिवस चुकली की पोरगा बाकावरून खाली."

"जुन्या पाकिटावर पाच दिवसांपूर्वीची तारीख आहे," उर्वी म्हणाली.

"म्हणजे कुणीतरी पाच दिवस या गोळ्यांची वाट बघतंय!" मयुरेश ओरडला. या वेळी त्याला 'केस' म्हणायचं सुचलं नाही.

"आणि मी त्या शर्टांखाली ठेवल्या," माई म्हणाली.

"पण फोन आजोबांच्या नंबरवरून येतो कसा? बाबांनी तर नंबर बंद केला!" मयुरेशनं विचारलं.

"बंद केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते," माई म्हणाली. " पेपरात वाचलं होतं मी. आपलाही देतील, असं वाटलं नव्हतं."

म्हणजे करायचं अगदी सोपं होतं. त्या नंबरवर फोन लावायचा. उर्वीच्या फोनमध्ये तो 'आजोबा' या नावाखाली होता. तिनं नाव काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला. माईच्या फोनमध्ये तोच नंबर 'हे' या नावानं होता. माईनंही तो काढला आणि तिचंही बोट वरच राहिलं. शेवटी चिऊनं मध्ये हात घालून बटण दाबलं.

घंटी वाजली. दोनदा. मग समोरून फोन कापला.

परत लावला. परत कापला. तिसऱ्यांदाही तेच.

पन्नास वर्षांच्या संसारात आजोबांनी माईचा फोन एकदाही कापला नव्हता. तो दुसराच कुणीतरी होता, याची आता सगळ्यांना खात्री पटली.

"दुकानात जा," माई उठून म्हणाली. "तो राजवीर ओळखत असेल. एक पाकीट बरोबर न्या, म्हणजे माणूस सापडला की परत यायला नको. आणि तुमची ती टेकरी आज राहू दे."

"टेकरी तशीही राहतेच," उर्वी म्हणाली.

राजवीरचं औषधांचं दुकान नाक्यावर होतं आणि नुकतंच आधुनिक झालं होतं. म्हणजे गल्ल्यामागच्या भिंतीवर, जिथे आधी देवाची तसबीर होती, तिथे एक भलामोठा टीव्ही आला होता. तसबीर टीव्हीच्या वर गेली होती. तिथून देवाला काही दिसत नसावं.

"राजवीर भिया, हे कुणी मागवलं?" मयुरेशनं पाकीट पुढे केलं.

"दत्तोपंत काकाजींनी. त्यांचा फोन आला होता."

"ते नवरात्रात गेले!"

"हां यार, बहोत बुरा हुआ," राजवीर हळहळला. "मी आलो होतो ना तेराव्याला. श्रीखंड एकदम फर्स्ट क्लास होतं."

"मग त्यांचा फोन कसा येईल, भिया?"

राजवीरनं विचार केला. हा विचार तो पहिल्यांदाच करत होता, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

"पण स्क्रीनवर तर त्यांचंच नाव आलं," तो म्हणाला. मग उत्साहानं टीव्हीकडे हात केला. "ये देखो! फोन वाजला की नाव, पत्ता, पिछला ऑर्डर, सगळं निघतं. कस्टमरला काही म्हणता काही सांगावं लागत नाही!"

"त्या माणसानं सांगायचा प्रयत्न केला असेल ना, की मी दत्तोपंत नाही?" उर्वीनं विचारलं.

"सांगत होता काहीतरी. बुजुर्ग लोक सांगतच असतात. मी म्हटलं, काकाजी, टेन्शन मत लो, सब है अपने पास. परवा परत फोन, की गोळ्या मिळाल्या नाहीत! इथे डिलिव्हरी तर झालेली दिसतेय. मी म्हटलं, काकाजी, घरातच बघा, कुठेतरी कपड्यांखाली ठेवल्या असतील. काल परत फोन आला, म्हणून आज अर्जंट लिहून दुसरं पाकीट पाठवलं."

उर्वीला शर्ट आठवले. राजवीरची माहिती अगदी बिनचूक होती. फक्त घर दुसरं होतं.

"आणि डॉक्टरचा पर्चा?"

"व्हॉट्सॲपवर आला होता. बघ." राजवीरनं स्वतःचा मोबाइल गल्ल्यावर उलटा फिरवला. तीन डोकी त्यावर झुकली. कुण्या अनोळखी माणसाचा आजार आपण बघतोय, हे उर्वीच्या लक्षात आलं, पण तोवर चिऊनं वाचायला सुरुवात केली होती.

"मालन. उम्र बावन. कन्नौद. अर्धी जिलबी."

"भिया, आमचे आजोबा बावन्न वर्षांच्या मालनबाई होते का?" मयुरेशनं विचारलं.

"मी औषधाचं नाव बघतो, माणसाचं नाही," राजवीर जरा तोऱ्यात म्हणाला.

"बरं, मग तुमच्या दुकानाच्या फोनवरून त्यांना फोन लावा. आमचा कापतात. तुमच्या फोनची तर ते वाट बघत असतील."

राजवीर एकदम ताठ झाला. "असं कुणीही येऊन म्हणेल आणि मी कस्टमरला फोन लावायचा? कस्टमरची प्रायव्हसी असते! आमच्या दुकानात ग्राहकाची माहिती बाहेर जात नाही!"

त्याच क्षणी दुकानाचा फोन वाजला. टीव्हीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, माहिती आली. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. पाचवी चिऊ.

"जयसिंगरावजी," चिऊनं खणखणीत आवाजात वाचलं. "पिछला ऑर्डर: केसांचा कलप, काळा, दोन!"

एक गिऱ्हाईक खोकलं. दुसऱ्यानं तोंडावर रुमाल धरला. जयसिंगराव हे सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. सत्तराव्या वर्षी आपले केस काळेभोर राहिले ते निव्वळ त्रिफळ्यामुळे, असं ते रोज सकाळी सहा वाजता भाषण करत.

राजवीरनं झडप घालून फोन उचलला, "बाद में, काकाजी, बाद में," म्हणून ठेवला आणि टीव्हीसमोर आडवा उभा राहिला. टीव्ही त्याच्याहून मोठा होता. कलप दोन्ही बाजूंनी दिसत राहिला.

"चिऊ," उर्वी शांतपणे म्हणाली, "जयसिंगराव आजोबा तुझ्या ओळखीचे आहेत ना?"

"हो! रोज भेटतात! मला गोळी देतात!"

"त्यांना सांगशील का, राजवीर भियांकडे नवा टीव्ही आलाय, बघायला या म्हणून?"

"सांगू? आत्ता जाऊ?"

"अरे, अरे! लावतो ना फोन! नाही कुठे म्हटलं!" राजवीरनं नंबर लावला. टीव्हीवर दत्तोपंतजी हे नाव आलं आणि त्याखाली माईच्या घराचा पत्ता. तिघं त्याकडे बघत राहिली. घंटी वाजत राहिली. या वेळी कुणी कापला नाही, पण कुणी उचललाही नाही.

"आता काहीतरी झालंय तिकडे," मयुरेश हळूच म्हणाला. या वेळी ती खरोखरची कुजबुज होती.

"कन्नौदला जायचं?" चिऊनं विचारलं. "बसनं?"

"नाही." उर्वी पर्च्याचा विचार करत होती. "गोळ्या घरपोच मागवल्यात, त्याही इथल्या दुकानातून. पर्चा कन्नौदचा असला तरी माणसं देवासमध्येच आहेत. मयुरेश, 'पुरावा' म्हणून जरीची गुंडाळी खिशात घातलीस ना? तिच्यावर दुकानाचं लेबल आहे."

गोटा-किनारीचं ते दुकान पाच मिनिटांवर होतं. तिघं पळत गेली म्हणून तीन मिनिटं लागली. दुकानाच्या मालकीण विद्युल्लताबाई नाकावर चष्मा ठेवून लेस मोजत होत्या.

"अगं बाई, दत्तोपंतांची नातवंडं ना तुम्ही? सांगा त्यांना, नवी जर आलीय. या वयात पगड्या बांधायला लागले म्हणजे कमाल आहे. पण निवृत्त माणूस, काहीतरी करणारच."

"ते गेले, काकू," उर्वी म्हणाली. हे वाक्य आता तिला पाठ झालं होतं. "नवरात्रात."

विद्युल्लताबाईंच्या हातातली लेस घरंगळत खाली गेली. "असं कसं? गेल्या पंधरवड्यात बोलले माझ्याशी! थांब, माझ्याकडे पुरावा आहे. माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. नंतर कुणी म्हणायला नको, निळी मागवली होती, लाल का पाठवली."

"सगळ्यांचे? त्यांना न सांगता?"

"सांगितलं तर लोक मोकळेपणानं बोलत नाहीत गं."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. पडद्यावर लिहिलं होतं: दत्तोपंतजी. शेजारी एक छोटा त्रिकोण. तो दाबला, की आवाज येणार होता. तो आजोबांचा नसणार हे उर्वीला ठाऊक होतं. गणितासारखं ठाऊक होतं. तरी तिनं श्वास धरून ठेवला.

"हां दत्तोपंतजी, बोलिए!" हा विद्युल्लताबाईंचा आवाज.

"नहीं जी, मैं शालिग्राम..." थकलेला, घोगरा, अनोळखी आवाज.

"हां हां, क्या भेजूँ?"

"पगड़ी के लिए लाल किनार, नौ मीटर. लेकिन नाम गलत आ रहा है आपके यहाँ. पता लिख लीजिए, टेकरी के नीचे, रोपवे के पास जो..."

"सब है जी हमारे यहाँ! शाम तक पहुँच जाएगा!"

टुक. संपलं.

उर्वीनं श्वास सोडला. आत काही हललं नाही. हिरडी तशीच बधिर होती.

विद्युल्लताबाईंनी मात्र चष्मा काढून हातात घेतला. तीस वर्षं त्या गिऱ्हाइकांशी बोलत होत्या; आपण कसं बोलतो, ते त्यांनी बहुधा आज पहिल्यांदा ऐकलं होतं. "तो सांगत होता की गं," त्या म्हणाल्या. "दोनदा सांगत होता."

"टेकरीच्या खाली, रोपवेजवळ!" मयुरेश उड्या मारायला लागला. "पगडीवाले शालिग्राम! चला! पळा!"

आणि अशा रीतीनं, चार दिवस ठरलेला टेकरीचा प्लॅन पाचव्या दिवशी, भर अकराच्या उन्हात, पोह्यांवाचून पार पडला.

रोपवेच्या तिकीटघराजवळ नारळ विकणाऱ्या बाईंना विचारलं. "पगड़ीवाले? वो नए आए हैं न, कन्नौद के? पीली दीवार के पीछे." पिवळ्या भिंतीमागे एक खोली होती. दार उघडं होतं. आत लाकडी डोक्यांवर चार पगड्या होत्या. तीन पगड्यांना किनार होती, चौथीला नव्हती. खाटेवर एक बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि खाली बसलेला एक वाळका माणूस त्यांचा हात धरून होता. मोबाइल दूर, शिवणयंत्रावर पडला होता.

"बाद में आना, बेटा," तो मान न वळवता म्हणाला.

"शालिग्राम काका?" उर्वीनं हाक मारली.

माणसानं वळून बघितलं.

"तीन महिने झाले देवासला येऊन," तो मराठीत म्हणाला. "या नावानं मला आज पहिल्यांदा कुणी हाक मारली."

चिऊनं पाकीट त्याच्या हातात कोंबलं. तिनं त्यावरचं काही वाचून दाखवलं नाही.

गोळ्या कालच संपल्या होत्या. सकाळी मालनबाईंना एक फिट येऊन गेली होती, आणि राजवीरचा फोन वाजला तेव्हा दुसरी. खालच्या दुकानात ही गोळी मिळत नव्हती. शेजारी लग्नाला गेलेले. बायकोला एकटी टाकून नाक्यापर्यंत जायची शालिग्राम काकांची छाती होत नव्हती. पाच दिवस ते फोनवर विसंबले होते. फोनवर सगळं होतं, फक्त ते स्वतः नव्हते.

मालनबाई नीट जाग्या झाल्या, तशी त्यांना गोळी दिली. उर्वीनं माईला फोन केला. माई रिक्षात डॉक्टरांनाच घालून घेऊन आली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "वेळेवर मिळाली. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं असतं तर अवघड होतं." माईनं दुसरं पाकीट खाटेवर ठेवलं.

"हे पाच दिवस माझ्या कपाटात होतं," ती शालिग्राम काकांना म्हणाली. "माझी चूक झाली."

"तुमची कसली? नंबर यांचा ना? म्हणजे तुमच्या..."

"हो. यांचा."

शालिग्राम काकांनी मोबाइल उचलून दोन्ही हातांत धरला, दुसऱ्याची वस्तू धरावी तसा. "फार माणसं होती हो त्यांची. रोज वीस फोन येतात. पेन्शनरांची सहल, बँक, कुणी नुसतंच 'कसे आहात' म्हणून. मी म्हणतो, मी तो नाही. ते म्हणतात, दत्तोपंत, थट्टा पुरे! मग अनोळखी फोन घ्यायचंच सोडलं. आज सकाळी स्क्रीनवर 'माई' असं नाव येऊन तीनदा फोन आला. मला वाटलं, त्या पण त्यांनाच शोधतायत."

माई खिडकीबाहेर बघत होती. "तसंच काहीसं," ती म्हणाली.

"नवा नंबर घ्या ना, काका!" मयुरेशनं सुचवलं.

"तोही कुणाचा तरी असणारच, बाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, खरोखरच्या सात वाजता, मुलं कामाला लागली. राजवीरनं आपल्या यंत्रातलं नाव पुसलं, तर ते दुपारी परत आलं. लोकांच्या फोनमध्ये जे नाव असतं, तेच ते यंत्र गोळा करून सगळ्यांना वाटत होतं. म्हणजे नाव लोकांच्या फोनमधून निघायला हवं. माईनं आजोबांची डायरी काढली. त्रेचाळीस नावं निघाली. शालिग्राम काकांना विचारून, आधी त्यांची परवानगी घेऊन, मुलांनी एकेकाला फोन केला. चिऊनं वाक्य लिहूनच घेतलं होतं: "दत्तोपंत आजोबा गेले. हा नंबर आता दुसऱ्यांचा आहे. कृपया नाव पुसा." मराठीत वाचत होती म्हणून प्रत्येक फोनला एक जिलबी. सतराव्या फोननंतर तिनं स्वतःहून जिलब्या थांबवायला सांगितल्या. सत्तावीस जणांना आजोबा गेल्याचं माहीत होतं. तरी नाव कुणीच पुसलं नव्हतं.

जयसिंगरावांना उर्वीनं स्वतः फोन केला. टीव्हीबद्दल ती काहीच बोलली नाही. तशी गरजही नव्हती. राजवीरनं टीव्ही आदल्या संध्याकाळीच उतरवून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तसबीर आपल्या जागी परत आली होती.

रविवारी व्यापारी मंडळानं मुलांचा सत्कार केला. शालिग्राम काकांनी स्वतः बांधलेल्या तीन छोट्या पगड्या मुलांच्या डोक्यावर ठेवल्या. मालनबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. "या मुलांनी आपल्या सर्वांचे डोळे उघडले!" व्यापारी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. मग प्रमाणपत्रं लिहिणारे गृहस्थ पेन सरसावून मयुरेशकडे वळले.

"घरचा फोन नंबर सांग, बेटा. नाम अपने आप आ जाएगा."

"मयुरेश!" मयुरेश ओरडला. "लिहून घ्या! म, यु, रे, श!"

"बरं केलंत पोरांनो," माई म्हणाली. माईनं चाळीस वर्षांत वर्गातल्या कुणालाही याहून मोठी शाबासकी दिली नव्हती.

निघताना विद्युल्लताबाईंनी उर्वीला बाजूला घेतलं. "सगळी रेकॉर्डिंग पुसत होते गं. एक सापडलं. गेल्या वर्षीचं, गणपतीच्या मखराच्या लेसचं. खरोखर त्यांचंच आहे. पुसू? की तुला पाठवू?"

"पाठवा," उर्वी म्हणाली. "मग तुमच्याकडचं पुसा."

संध्याकाळी सात वाजता माई आणि उर्वी पलंगावर बसल्या. मध्ये फोन होता. आधी उर्वीनं त्यातला 'आजोबा' हा नंबर काढला, नाव पुसलं आणि तिथे 'शालिग्राम काका, पगडीवाले' असं लिहिलं. त्यांनी तसंच लिहायला सांगितलं होतं. मग तिनं त्रिकोण दाबला.

"हां दत्तोपंतजी, बोलिए!"

"नमस्कार. मी दत्तोपंत बोलतोय."

"हां जी, नाम आ गया!"

"आलं असेल. तरी सांगतो. पांढरी लेस, चार मीटर. आणि पत्ता लिहून घ्या."

"सब है जी हमारे यहाँ!"

"असू दे. तरी लिहून घ्या." आणि आजोबांनी घाईगडबड न करता, तहसील कचेरीत अर्ज वाचून दाखवावा तसा, घराचा क्रमांक सांगितला, गल्ली सांगितली, कोपऱ्यावरचा कडुनिंब सांगितला.

"पिनकोड राहिला," माई पुटपुटली.

"आणि पिनकोड," आजोबा म्हणाले.

माईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते कळेना. उर्वीनं रेकॉर्डिंगला नाव दिलं: आजोबा. मग तिला कुठेतरी टोचायला लागलं, गालात की घशात ते समजत नव्हतं. इंजेक्शन उतरताना आधी दुखतं, असं दातांचे डॉक्टर म्हणाले होते. ते बरोबर होतं. खूपच दुखत होतं.

"परत लाव," माई म्हणाली.